नानांना दिसतील अशी फुलं

शके १८५९ (सन १९३७), ज्येष्ठ व. ६. मस्तगड, जालना

काल संध्याकाळच्या गाडीनं नाना आले. हे परतूरला उतरून बैलगाडीनं आष्टीला गेले, समजूत घालत बसले आणि एकदाचे वडिलांना घेऊन आले. सासूबाई गेल्यापासून नाना शेतावर एकटेच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आडाच्या कडेला पाय घसरला होता म्हणतात, स्वतः कबूल करत नाहीत. सामान म्हणजे वळकटी, काठी आणि ज्वारीचं पोतं. "लेकाच्या घरी मोकळ्या हातानं यायचं का?"

खाट अंगणात टाकून दिली. घरात बसवत नाही त्यांना. अंगणात सावली नावाला नाही. हे घर बांधलं तेव्हा वकिलीची पाटी कुठं लावायची यावर फार खल झाला, झाडाचा विषय कुणी काढला नाही.

खरी अडचण वेगळीच. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी नानांशी समोरासमोर एक शब्द बोललेली नाही. आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नाही. पदर पुढं ओढायचा आणि निरोप मधल्या माणसाकरवी द्यायचा. आधी सासूबाई मधे होत्या, मग आमची चिमी. चिमीचं वैशाखात लग्न झालं. मुलगा दिनू औरंगाबादेला शाळेत. हे दिवसभर कोर्टात. मधलं माणूसच उरलं नाही.

आज सकाळी दुधाचा पेला घेऊन दारात उभी राहिले. दूध निवायला लागलं. शेवटी तुळशीकडे तोंड करून म्हणाले, "तुळशीबाई, दूध ठेवलंय."
नाना काठीला म्हणाले, "बरं हाय."

ज्येष्ठ व. १२

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नानांचे डोळे पाहिले. मोतीबिंदू अजून पिकला नाही म्हणाल्या, दिवाळीनंतर थंडीत कापू. एक डोळा यंदा, दुसरा पुढं कधीतरी. नानांना हे पटलं. "पिकू द्या मंग. कच्चं खुडायचं न्हाई." डोळा आला की लगेच आष्टीला जाणार, हेही तिथंच सांगून टाकलं.

म्हणजे दिवाळीपर्यंत बसून राहायचं. ज्यानं उभ्या जन्मात दुपारी पाठ टेकली नाही तो माणूस खाटेवर बसून काठीनं जमीन उकरतो. आज काठीला विचारलं, "घरात इचारा, हितं काय पेरलंय."
मी तुळशीला सांगितलं, काही नाही.
"काळी जमीन पडीक ठिवली. वकील झाला पोरगा, अक्कल न्हाई आली."
हसू आलं, पदरात दाबलं.

आषाढ शु. ३

रात्री ह्यांना म्हणाले, अंगणात फुलझाडं लावते. नानांचा वेळ जाईल. हे म्हणाले, "त्यांना दिसत नाही आणि तू फुलं लावणार?"

तेच डोक्यात राहिलं. काहीच दिसत नाही असं नाही. लाल लुगडं वाळत घातलं होतं तर काठीनं बरोबर बाजूला सारलं. पांढऱ्या धोतरात मात्र थेट शिरले.

आषाढ शु. ६

आज परीक्षा घेतली. शेजारच्या खाला आल्या होत्या. साठीच्या पुढच्या बाई, त्यांना आता कसला पडदा. ह्यांनी स्टेशनवरच्या वाफ्यातून मागून आणलेली फुलं आणि खालांच्या कुंडीतली काही, असं ताटात घेतलं. खाला एकेक फूल नानांपुढं उन्हात धरत होत्या, मी दाराआडून ऐकत होते.

"ये क्या दिखरा, दादा?"
गलांडा: "हळदीवानी पिवळं. मधी तांबूस."
कोंबडा: "लाल. कोंबड्याचा तुरा का काय?"
झिनिया, तांबडी: "लाल. मोठं हाय."
तगर: "काय धरलंय का हातात? नुसता उजेड हाय."
गोकर्ण: "काळं."
"नीला है," खाला म्हणाल्या.
"असंल बाई. मला काळं हाय."

तर ठरलं. पांढरं नको, उजेडात विरघळतं. निळं नको. पिवळं, केशरी, लाल, तेही मोठं. आणि दिवसभराचं ऊन सोसणारं. माझा जीव मोगऱ्यावर, तगरीवर. तो बाजूला ठेवायचा.

गुलबक्षी खाला देत होत्या. रंग झक्क आहे, पण उमलते दिवेलागणीला, आणि नानांचं दुकान तेव्हा बंद. तेरडाही नको. जरा पाणी चुकलं की मान टाकतो, नाजूक प्रकृतीची माणसं आपल्याला झेपत नाहीत.

आषाढ शु. १२

बी जमलं. झिनिया, कोंबडा यांची सुकलेली बोंडं स्टेशनच्या माळ्यानं ओंजळभर दिली, गलांड्याची तर वाढलेली रोपंच. झेंडूचं बी घरचंच, गेल्या दसऱ्याच्या तोरणातलं. चिनी गुलाब खालांनी नुसता मोडून हातात दिला, म्हणाल्या कुठंही खुपसा. शेवंतीची मुळाशी फुटलेली पिलंही त्यांचीच, पिवळी शेवंती. पुण्याहून टपालानं एक पुडी मागवली, कॉसमॉस, केशरी. पुडीवर चित्र इतकं सुरेख की ह्यांनीही दोनदा पाहिलं.

नाना काठीला म्हणाले, "हंगामी लावा. बारमाही कशाला? मी काय हितं बारमाही न्हाई."
शेवंती बारमाही, गलांडाही जपला तर टिकतो. मी तुळशीला काही सांगितलं नाही.

आषाढ व. ५

पेरणी. नानांनी खाटेवरून उतरून मातीत हात घातला, ढेकूळ बोटांत चुरलं, वास घेतला. आष्टी सोडल्यापासून पहिल्यांदा चेहरा मोकळा दिसला. "रेघा सरळ पाडा. दोन रेघांमंदी एक हात. दाटी झाली का पीक बसतं."

मग खत. खालांच्या शेळ्यांच्या लेंड्यांची रास आहे, ती सगळी टाकायला लावली. मला जरा जास्त वाटलं. पण कापसाला आयुष्यभर खत घातलेल्या माणसाला तुळशीमार्फत शिकवायचं कसं? टाकलं सगळं.

हे कोर्टातून आले, मी झेंडूच्या वाफ्याशी बोलतेय आणि नाना काठीशी, असा देखावा. म्हणाले, "मुकदमा रंगलाय. पण दोन्ही बाजूंचे गवाह मुके."

श्रावण शु. ५. नागपंचमी

वाफ्यात पाणी तुंबलंय. काळ्या मातीचा हा गुण, पाणी धरून बसते. झिनियाची रोपं खालून काळी पडून आडवी झाली. खुरपं घेऊन चर काढायला गेले तर खाटेवरून, "आज पंचीम हाय. जमिनीला लोखंड लावायचं न्हाई म्हनावं."

खरंच विसरले होते. नागपंचमीला आम्ही भाजीसुद्धा चिरत नाही. मग बसले रोपं मरताना बघत. नाना म्हणाले, "काठीनं केलं तर चालतंय. काठी लाकडाची हाय." आणि स्वतः उठून, चाचपडत, काठीच्या टोकानं बारीक चर पाडला वाटेपर्यंत. मी पुढं होऊन "डावीकडे, तुळशीबाई, अजून डावीकडे" असं सांगत राहिले. पाणी वाहायला लागलं. दोघंही चिखलात, एकमेकांशी न बोलता. मजा वाटली.

श्रावण शु. १०

मुरूम टाकून वाफे उंच केले. झिनिया पुन्हा पेरली. गलांड्याला काही झालं नाही. चिनी गुलाबाला तर पाणी नसलं तरच बरं वाटतं.

श्रावण व. ४

गलांडा फुलला. पहिलं फूल नानांनी शोधलं. ऊन चढल्यावर काठी टेकत गेले आणि वाफ्यापुढं उभे राहिले. "हितं कायतरी पिवळं हाय."
"पहिलं फूल आहे, झेंडूबाई," मी म्हणाले.
"झेंडूबाई, घरात सांगा, ब्येस हाय."

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, झेंडूला पगार सुरू करा.

एक शोध लागला. चिनी गुलाब ऊन लागल्याशिवाय उघडत नाही आणि नानांनाही ऊन लागल्याशिवाय दिसत नाही. दोघांची वेळ एक. नाना सकाळभर त्याच्यापुढं बसून असतात. आभाळ आलं की फूलही मिटतं आणि तेही "आज काय न्हाई" म्हणून घरात येतात.

श्रावण व. ११

आता रोजच बोलणं होतं. मी झाडाशी, ते काठीशी. सासूबाईंनी नथ हट्टानं कशी करून घेतली, ते आज काठीला सांगितलं. ते लहानपणी निजामाची स्वारी बघायला हैदराबादेला चालत निघाले होते आणि त्यांच्या आजोबांनी परतूरलाच कसं पकडलं, तेही. मला इतक्या वर्षांत यातलं काही माहीत नव्हतं. सासऱ्यांना एवढं बोलता येतं हेच माहीत नव्हतं.

काम आटोपून मी अंगणात कधी जाते, असं मलाच व्हायला लागलंय.

भाद्रपद शु. ९

गौरी गेल्या. त्यांना पिवळा गलांडा वाहिला, बायका विचारत होत्या कुठून आणला. मिरवून घेतलं.

कॉसमॉसनं मात्र वीट आणला. माझ्या डोक्याच्या वर गेला, पानं मऊ हिरवीगार, कळीचा पत्ता नाही. खत जास्त झालं, दुसरं काय. गलांड्यावर सावली पाडतो. आज पाणी घालताना चांगला झाडला त्याला. "नुसता उभा. खातोय, पितोय, उपयोग काडीचा नाही. आलास तेव्हा वाटलं घराला शोभा येईल. दुसऱ्यांची जागा अडवून बसलास. उद्या उपटूनच टाकते, म्हणजे अंगण मोकळं होईल."

बोलून बरं वाटलं.

नाना रात्री जेवले नाहीत. पोट जड आहे म्हणाले.

भाद्रपद शु. १०



सकाळी हे कोर्टात गेल्यावर बाहेर आले तर खाट रिकामी. नाना फाटकाशी उभे, वळकटी काखेत, पागोटं बांधलेलं. काठीला सांगत होते, "टांगा आला का सांग. गाडीला जायचंय. कुनाची जागा अडवायची न्हाई आपल्याला."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी झाडांशी जे जे बोलते ते त्यांच्यासाठी असतं. हीच रीत आम्ही दोघांनी पाडली. मग कालचं बोलणंही त्यांनी आपल्यालाच म्हणून घेतलं. 'लेकी बोले सुने लागे' ऐकलं होतं. झाडा बोले सासऱ्या लागे, हे आमच्याच घरी.

खालांना हाक मारावी तर त्या बाजारात. झेंडूला सांगावं तर आगीत तेल. रस्त्यावर टांगा वाजला. मला रडू यायला लागलं होतं आणि रागही आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. पुढं गेले आणि म्हणाले,

"नाना, ते मी कॉसमॉसला बोलले."

लग्न झाल्यापासूनचं पहिलं वाक्य. ते हे.

नाना आवाजाकडं वळले. "कोनाला?"
"कॉसमॉसला. ते उंच झाड. त्याला फुलं येत नाहीत."
"झाडाला एवढं कोन बोलतं?"
"मी बोलते."
"मंग मला जे बोलतीस, ते कोनाला बोलतीस?"
टांगेवाला फाटकाशी थांबला. नाना म्हणाले, "खत लई झालं का त्याला?"
"हो."
"मीच सांगितल्तं."
"हो."
"मंग तवाच का न्हाई बोललीस?"
"कुणाला सांगू? तुळशीला?"

नाना हसले. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. वळकटी खाली ठेवली. टांगेवाल्याला म्हणाले, "जा बाबा, आमचं घरातलं बोलनं चालू हाय."

भाद्रपद शु. ११

ह्यांना सगळं सांगितलं. घाबरत सांगितलं, रीत मोडली म्हणून. हे म्हणाले, "आईनंच मोडायला हवी होती." आणि पेपर वाचत बसले. पेपर उलटा होता.

भाद्रपद व. ७

आता सरळ बोलतो. आधी पदर कपाळाखाली ओढून, दूर उभी राहून. मग पायरीवर बसून. खुरपताना पदर सारखा घसरतो. परवा घसरला तो तसाच राहू दिला. नानांना कुठं दिसतंय. वाऱ्याला डोकं उघडं ठेवून सासऱ्याशी गप्पा मारणारी देशमुखांची सून. आई ऐकेल तर तोंडात बोट घालेल.

ते मला "सूनबाई" म्हणतात. नाव कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

झिनियाची दुसरी पेरणी लागली. सुकलेलं फूल खुडलं की खाली दोन फुटतात, हे त्यांना फार आवडलं. "कापसाला जर असं असतं," म्हणाले. खुडायचं काम आता त्यांचं. बोटानं चाचपून सुकलेलं बरोबर ओळखतात. मात्र दिवसातून दोनचार चांगली फुलंही जातात, आणि मग "वारा लई हाय" म्हणतात.

आश्विन शु. १०. दसरा

झेंडू पाटीभर. खालांच्या दारालाही तोरण पाठवलं. त्यांनी शीरखुर्मा पाठवला, "दसरे की ईद" म्हणून.

आणि कॉसमॉस फुलला. काल दोन, आज सगळा. दिवस लहान झाले, खताचा माज उतरला. डोक्यावरून केशरी फुलं डोलतात. नानांना खाटेवरून दिसली, मान वर करून पाहत होते. मला म्हणाले, "त्याची माफी मागितलीस का?"
"मागते."
"मोठ्यानं माग. त्याला कमी ऐकू येतं."

आश्विन व. ७

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. उजवा पिकला. कार्तिकात, दिवाळी आटोपली की.

घरात सगळ्यांना आनंद. मलाही. मी खोटं का लिहू इथं, ही वही माझीच आहे: मला आनंद आहे आणि धास्तीही आहे. त्यांना दिसायला लागेल. दिसायला लागलं की मी पदर ओढून दाराआड. हे सगळं चाललंय ते न दिसण्याच्या आडोशानं. नंतर कोण कुणाशी बोलणार? आणि नाना तर म्हणालेलेच आहेत, डोळा आला की आष्टी.

म्हाताऱ्या माणसाला दिसू नये असं वाटतं का मला? नाही. मुळीच नाही. दिसावं. शेवंतीला कळ्या धरल्यात, त्या त्यांनी नीट पाहाव्यात. फक्त बोलणं राहावं. दोन्ही कसं होणार ते कळत नाही.

कार्तिक व. ८

डोळा कापला. नाना हूं की चूं करत नाहीत म्हणून डॉक्टरीणबाई खूश. डोक्याला वाळूच्या पिशव्या लावून सरळ झोपवलंय, मान हलवायची नाही. दोन्ही डोळ्यांवर पट्टी.

दुपारी मी भाकरी कुस्करून भरवते. पट्टी आहे तोवर बोलून घेते आहे. काय काय फुललं, काय सुकलं, शेळीनं कोंबड्याचे किती तुरे खाल्ले. शेजारच्या खाटेवरच्या बाप्यानं विचारलं, लेक का? नाना म्हणाले, "सून हाय. पन बोलती."

मार्गशीर्ष शु. ९

नाना घरी. डोळ्यावर हिरवी झापड. उजेड सोसत नाही, आतल्या खोलीतच असतात. चष्मा हैदराबादेहून यायचाय, तोवर म्हणे सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं. शेवंती फुलली, पिवळीधमक. एक दांडी उशाशी ठेवली. हातानं चाचपून म्हणाले, "ही हंगामी न्हाई."
सापडले.
"नाही, बारमाही आहे."
"हूं." आणि दांडी पुन्हा चाचपली.

पौष शु. ८

चष्मा आला. काच इतकी जाड की मागं डोळा बैलाच्या डोळ्याएवढा दिसतो.

ह्यांनी हात धरून अंगणात नेलं, चष्मा लावला. मी दाराआड. पदर नाकापर्यंत. हात आपोआपच गेला, कुणी सांगितलं नव्हतं.

नाना उभे राहिले. गलांडा, झिनिया, शेवंती. एकेका वाफ्यापुढं वाकून, पार नाक लावून पाहिलं. मुंगीसुद्धा पाहिली. "ही मुंगी हाय बघ," ह्यांना म्हणाले. ह्यांचे डोळे भरून आले, वकिलाचे असूनही. माझे तर कधीचे वाहत होते, दाराआड सोयीचं पडलं.

मग म्हणाले, "एकबी पांढरं फूल न्हाई. बाग अशी असती का? मोगरा न्हाई, तगर न्हाई. सारं हळदकुकू." हे हसत सुटले. मीही आत तोंडावर हात धरून.

दाराकडं वळले तशी मी आणखी आत सरले. नाना तिथंच थांबले. ह्यांना म्हणाले, "घरात सांग, लई चांगलं लावलंय."

घरात सांग.

पौष शु. १४. संक्रांत

तिळगूळ द्यायला ह्यांना मधे घेतलं. नानांनी ह्यांच्या हातात दिला, "सूनबाईला दे." मी पाया पडले, खाली बघून. तेही दुसरीकडं बघत होते. पांढरेशुभ्र कपडे, चष्मा, सगळं कसं छान. दोघंही मानी सोयऱ्यांसारखे वागतो आहोत.

पंधरवड्यानं ह्यांना सुट्टी आहे, तेव्हा आष्टीला पोचवणार आहेत. हुरड्याचे दिवस आहेत.

तुळशीशी बोलून पाहिलं, नेहमीसारखं, दूध ठेवलंय म्हणून. काठीकडून उत्तर आलं नाही. काठी आता कोपऱ्यात असते, लागत नाही.

वाईट वाटतं. दुसरं काय लिहू.

पौष व. ५

सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. हे कोर्टात गेले. मी आत तांदूळ निवडत होते. नाना सूर्य उगवल्यापासून वाफ्यांत हिंडत होते, वाकून, चष्मा सावरत. माझ्याकडं पाठ.

मग खाटेवर येऊन बसले. चष्मा काढला, उपरण्याला पुसला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. डोळे मिटून घेतले.

"सूनबाई."

सूप हातातच राहिलं.

"सूनबाई, मला तर काय दिसून न्हाई राह्यलं. आज काय काय फुललंय ते सांग जरा."

मी दारापर्यंत आले. डोळे घट्ट मिटलेले, लहान पोर लपंडावात मिटतं तसे. इतके घट्ट की कपाळाला आठ्या. उन्हात बसून वाट पाहत होते.

मी बाहेर गेले. पायरीवर बसले. सांगायला लागले. शेवंती अजून आठवडाभर टिकेल. झिनियाची तांबडी संपत आली, नारिंगी जोरात. कोंबड्याचं बी धरून ठेवलंय. चिनी गुलाब थंडीनं बसलाय, उन्हाळ्यात पुन्हा येईल. नाना मान हलवत ऐकत होते, काही ठाऊकच नसल्यासारखं. मधेच विचारलं, मोगरा लावला तर फुलं कधी. म्हटलं, लगेच नाही येणार, पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. "हां," म्हणाले. आष्टीचं त्यांनी काढलं नाही, मी विचारलं नाही.

"एवढंच?" शेवटी म्हणाले.
"एवढंच."
"गलांड्यात, मधल्या रेघंत, एका देठाला दोन तोंडाचं फूल आलंय. ते न्हाई सांगितलंस."

मी उठून गेले, वाकून पाहिलं. पानाआड होतं, एकाच देठावर दोन, पाठीला पाठ लावून. वळून पाहिलं तर नानांचे डोळे मिटलेलेच होते, आणि पदर माझ्या खांद्यावर होता.